सहा ड्यूट्या आणि तीस दिवसांची तटस्थता

आधी एक खुलासा. खाली येणाऱ्या निवेदिका, त्यांचं केंद्र आणि तक्रारदार हे पत्रकारितेच्या वर्गात चर्चा व्हावी म्हणून रचलेले आहेत. मराठवाड्यात रेडिओच्या आसपास वावरलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील, पण त्यांत अमुक एक माणूस शोधू नये. नियम, निवडणुकांच्या तारखा आणि बाहेरची उदाहरणं मात्र खरी आहेत.

ताई (श्रोते त्यांना याच नावानं ओळखतात) मराठवाड्यातल्या एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक आहेत. कचेरीच्या बोलीत ‘कॅज्युअल’. आवाजाची चाचणी दिली, ‘वाणी’ हे उद्घोषकांसाठीचं प्रशिक्षण घेतलं आणि यादीत नाव लागलं, त्याला आता बारा-पंधरा वर्षं झाली. यादीत नाव असणं म्हणजे नोकरी नव्हे. महिन्याला फार तर सहा ड्यूट्या, दर ड्यूटीचा वेगळा करार, वेगळी सही, आणि मानधन जमा होईल तेव्हा होईल. सहाच का, हे केंद्रावरचा शिपाईसुद्धा सांगेल: सलग काम दिलं की माणूस कायम करा म्हणून कोर्टात जातो. २००६ च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की केवळ अनेक वर्षं राबला एवढ्यावर हंगामी माणसाला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. तरी कचेऱ्यांची धास्ती गेली नाही आणि सहाचा आकडाही हलला नाही.

या सहा ड्यूट्यांवर घर चालत नाही. ताईंचं घर चालतं सूत्रसंचालनावर. पतसंस्थेची सर्वसाधारण सभा, कॉलेजचं स्नेहसंमेलन, कारखान्याचा मोळी टाकण्याचा कार्यक्रम, आमदारांच्या हस्ते भूमिपूजन, कुणाची एकसष्टी. आकाशवाणीचं महिन्याचं मानधन अशा एखाद-दुसऱ्या बऱ्या कार्यक्रमात निघतं. पण त्या कार्यक्रमाला ताईंनाच बोलावतात त्याचं कारण रेडिओ. निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावाखाली ‘आकाशवाणी’ छापलेलं असतं. म्हणजे केंद्र पैसे थोडे देतं आणि नाव देतं; त्या नावाचे पैसे ताई बाहेर कमावतात. दोन्ही बाजूंना हा हिशेब ठाऊक आहे, कागदावर तो कुठेच नाही. सगळ्या प्रकरणाचं मूळ मला इथंच दिसतं.

आता घटना. २०२४ ची लोकसभा. मराठवाड्यात तीन टप्प्यांत मतदान झालं: हिंगोली, नांदेड, परभणी २६ एप्रिलला, उस्मानाबाद आणि लातूर ७ मेला, जालना, औरंगाबाद, बीड १३ मेला. आपला मतदारसंघ यांतला कोणता, याला महत्त्व नाही. तालुक्याच्या गावी एका उमेदवाराची संध्याकाळची सभा होती. मंडप आणि साउंडवाल्याचा ठरलेला निवेदक ऐन वेळी आला नाही, म्हणून त्यानं ताईंना फोन केला. साउंडवाला म्हणजे वर्षभर कामं मिळवून देणारा माणूस. त्याला नाही म्हणणं परवडत नाही. नेते नेहमीप्रमाणे दीड तास उशिरा. उकाड्यात बसलेली माणसं उठून जाऊ नयेत म्हणून ताईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, दोन शेर म्हटले, बायकांना हसवलं. आणि उमेदवार पायऱ्या चढत असताना म्हणाल्या, ‘आपल्या हक्काचा माणूस आलाय, टाळ्या कमी पडू देऊ नका.’

तेवढाच तुकडा कुणीतरी मोबाइलवर घेतला आणि रात्री गावागावांच्या ग्रुपवर फिरवला. वर ओळ लिहिली: ‘आकाशवाणीच्या ताईसुद्धा आपल्यासोबत.’ ही ओळ ताईंची नव्हे, पक्षाच्या एका उत्साही कार्यकर्त्याची. प्रकरण चिघळलं ते त्यांच्या वाक्यापेक्षा या ओळीनं. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूच्या कार्यकर्त्यानं निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर व्हिडिओ चढवला. या ॲपवरच्या तक्रारीची दखल १०० मिनिटांत घ्यायची असते, त्यामुळे यंत्रणा धावली. पण करणार काय? सभेला परवानगी होती, खर्च दाखवलेला होता, निवेदिका सरकारी नोकर नव्हती. तक्रार ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ केंद्राकडे पाठवून निवडणूक शाखा मोकळी झाली.

त्याच तक्रारदारानं केंद्रप्रमुखांना वेगळं पत्रही दिलं आणि त्यात ताईंच्या आडनावाकडे लक्ष वेधलं होतं. बाहेरच्या वाचकाला हे अवांतर वाटेल. इथल्याला वाटणार नाही. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर मराठा आरक्षणाचं आंदोलन आणि त्याला ओबीसींकडून होणारा विरोध यांत मराठवाड्याची गावंच्या गावं दुभंगली. लोकसभेचं मतदान बऱ्याच ठिकाणी पक्षापेक्षा याच भेगेवर झालं. पुढे २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त पहिलं नाव ठेवलं, यावरून काय ते समजावं. रेडिओवर निवेदक सभा (म्हणजे सकाळचं किंवा संध्याकाळचं प्रसारणाचं सत्र) सुरू करताना आपलं पूर्ण नाव सांगतो. इतकी वर्षं ते नाव म्हणजे नुसती ओळख होती. आता त्या नावावरून ऐकणारा ठरवतो, की ‘ही कुणाची’. ताईंनी मंचावर एक शब्द काढला नसता तरी काही श्रोत्यांच्या लेखी त्यांची बाजू ठरलेलीच होती. असं वातावरण असताना केवळ ‘राजकारणापासून दूर राहा’ एवढं सांगून तटस्थता येत नाही, हे केंद्रप्रमुखांनाही कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

केंद्रप्रमुखांनी काय केलं? लेखी काहीच नाही. कार्यक्रम अधिकाऱ्यांना बोलावून सांगितलं, ‘निवडणूक होईपर्यंत यांना ड्यूटी लावू नका.’ पुढच्या महिन्याचा चार्ट लागला, त्यात ताईंचं नाव नव्हतं. त्यांनी ड्यूटी रूममध्ये फोन केला तर, ‘ताई, वरूनच तसं आहे, थोडं थांबा.’ निलंबन नाही, नोटीस नाही, खुलासा मागितला नाही. नोकरीच नाही तर निलंबित कशातून करणार? आणि आदेशच नाही तर दाद कुणाकडे मागणार?

मी केंद्रप्रमुखांना खलनायक करणार नाही. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर तक्रार हातात आहे, आचारसंहिता चालू आहे, उद्या हीच क्लिप दिल्लीत कुणी दाखवली तर बदली त्यांची होणार. नियमात शोधायला गेले तर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यातला नियम ५ सापडतो: सरकारी नोकरानं पक्षाचा सदस्य व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही. पण हा नियम ज्यांना दरमहा पगार, रजा, निवृत्तिवेतन मिळतं त्यांचा. ताईंना यातलं काही मिळत नाही, म्हणून तो त्यांना लागू नाही. लागू होणारा दुसरा नियम नाही आणि क्लिप तर फिरते आहे, तेव्हा त्यांनी चार्टचा उपयोग केला.

इथं वर्गातली मुलं लगेच ताईंच्या बाजूनं बोलू लागतात. त्यांना मी एक गोष्ट सांगून थांबवतो. त्याच महिन्यात, त्याच केंद्रावरून, सकाळच्या सभेत मतदार जागृतीचं आवाहन ताईंच्या आवाजात जात होतं: कुणाच्या दबावाला, आमिषाला बळी पडू नका, निर्भयपणे मतदान करा. जो आवाज सकाळी सात वाजता शेतात निघालेल्या बाईला ‘तुमच्या मनानं मत द्या’ सांगतो, तोच संध्याकाळी ‘आपल्या हक्काचा माणूस’ म्हणतो. ही टक्कर खरी आहे. ताई बातम्या वाचत नाहीत, त्या ‘आपली आवड’ची गाणी लावतात, महिलांच्या कार्यक्रमात लोणच्यापासून रक्तक्षयापर्यंत बोलतात, हे सगळं मान्य. पण श्रोता करारपत्र बघून रेडिओ ऐकत नाही. त्याच्या लेखी आकाशवाणी म्हणजे तो आवाज.

आणि इथं त्या आवाजाचा वारसाही विचारात घ्यावा लागतो. मराठवाड्याला रेडिओ भेटला तोच सत्तेचा आवाज म्हणून. निजामाच्या राज्यात डेक्कन रेडिओ होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या शरणागतीची घोषणा खुद्द निजामानं त्याच रेडिओवरून केली. १९६८ साली परभणीचं केंद्र सुरू झालं, पुढे तिथंच १९७२ ला कृषी विद्यापीठ आलं. पेरणी कधी, कापसावर फवारणी कशाची, हे रेडिओवरून ऐकून शेती करणारी एक पिढी झाली. ‘रेडिओत सांगितलं’ याला गावात वजन होतं, कारण तो सांगणारा कुणाचा विक्रेता नाही अशी खात्री होती. ते वजन साउंडवाल्याच्या एका फोनवर मंचावर आणलं गेलं, तर ज्याची ती ठेव आहे त्या संस्थेला बोलण्याचा अधिकार आहेच. प्रश्न उरतो तो हा, की बोलायचं कसं आणि त्याची किंमत कुणी भरायची.

तुलनेसाठी मी मुलांना ब्रिटनचं एक प्रकरण देतो. गॅरी लिनेकर हा इंग्लंडचा माजी फुटबॉलपटू, तेव्हा बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या कार्यक्रमाचा निवेदक. मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारच्या आश्रयार्थींविषयीच्या विधेयकावर त्यानं ट्वीट केलं आणि सरकारच्या भाषेची तुलना १९३० च्या दशकातल्या जर्मनीतल्या भाषेशी केली. बीबीसीनं त्याला कार्यक्रमापासून दूर राहायला सांगितलं. त्याचे सहकारी त्याच्याबरोबर बाहेर पडले आणि ११ मार्चला तो कार्यक्रम निवेदकाविना, समालोचनाविना, अवघा २० मिनिटांचा दाखवावा लागला. दोन दिवसांत बीबीसीला माघार घ्यावी लागली. महासंचालक टिम डेव्ही यांनी झाल्या गोंधळाबद्दल माफी मागितली. लिनेकर तेव्हा बीबीसीचा सर्वाधिक मानधन घेणारा निवेदक होता, वर्षाला सुमारे १३ लाख ५० हजार पौंड. हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, कारण २०१७ पासून बीबीसीला बड्या निवेदकांची मानधनं जाहीर करावी लागतात.

दोन्ही प्रकरणांत कायदेशीर सांगाडा एकच आहे. लिनेकरही बीबीसीचा नोकर नव्हता, कंत्राटावर होता. तोही बातम्या देत नव्हता. त्याचंही म्हणणं कार्यक्रमाबाहेरचं होतं. संस्थेचं उत्तरही तेच: लोक तुला आमचा म्हणून ओळखतात. पण लिनेकरला दूर केल्याबरोबर देशभर गदारोळ झाला आणि बीबीसीला जॉन हार्डी यांच्याकडून नियमांचं स्वतंत्र परीक्षण करून घ्यावं लागलं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या नव्या नियमांनी निवेदकांमध्ये भेद केला. बातम्या देणाऱ्यांना कडक बंधन. बिनीच्या कार्यक्रमांच्या निवेदकांना, ते बातम्यांचे नसले तरी, त्यांचा कार्यक्रम चालू असण्याच्या काळात आणि त्याच्या मागे-पुढे दोन आठवडे पक्षाचं समर्थन किंवा पक्षावर हल्ला करण्याची मनाई. बाकीच्यांना बरीच मोकळीक. नियम परिपूर्ण होते असं नाही. लिनेकर शेवटी मे २०२५ मध्ये दुसऱ्याच एका समाजमाध्यमी पोस्टच्या वादानंतर बीबीसीतून बाहेर पडला. पण मुद्दा असा, की बंधन कुणाला, किती आणि कधीपासून कधीपर्यंत, हे कागदावर आलं. ज्याला वर्षाला तेरा लाख पौंड मिळतात त्याला ‘या पैशांत तुझी थोडी तटस्थताही आम्ही घेतली आहे’ असं सांगता येतं. ताईंना सहा ड्यूट्यांच्या मानधनात हे कसं सांगणार?

कुणी म्हणेल, आपल्याकडेही बडे निवेदक आहेत. आहेत. २०२५ मध्ये दूरदर्शननं खासगी वाहिन्यांवर गाजलेल्या एका निवेदकाशी वर्षाला सुमारे १५ कोटी रुपयांचा करार केल्याच्या बातम्या छापून आल्या, त्यावर टीकाही झाली. त्या रकमेत तटस्थतेची अट कशी लिहिली आहे हे वाचायला मला आवडेल. नैमित्तिक उद्घोषकाच्या करारात मी शोधतो आहे ती ओळ तिथं तरी असेल, अशी आशा करू.

याला जोडून एक युक्तिवाद नेहमी येतो: ‘वरच जिथं तटस्थता नाही तिथं तालुक्याच्या निवेदिकेला कसली शिक्षा?’ त्याला आधार आहे. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ ला, पण संस्थेचा पैसा आजही मुख्यतः केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो. मे २०२४ मध्ये, याच निवडणुकीत, माकपचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांच्या दूरदर्शन-आकाशवाणीवरच्या पक्षीय भाषणांतून शब्द काढायला लावले गेले; ‘सांप्रदायिक हुकूमशाही राजवट’, ‘दिवाळखोरी’, ‘मुस्लिम’ असे शब्द. प्रसारणाच्या संहितेत कुठल्या पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, असं कलम फार जुनं आहे. पण मान्यताप्राप्त पक्षाला मिळालेल्या वेळेत त्यानं सरकारवर टीका करायची नाही, तर काय पसायदान म्हणायचं? दुसऱ्या बाजूला ‘मन की बात’ मार्च ते मे २०२४ या काळात आचारसंहितेचा मान राखून थांबवली गेली, हेही नोंदवायला हवं. एकूण, वरचं चित्र स्वच्छ नाही. पण या युक्तिवादानं ताईंचा प्रश्न सुटत नाही. दिल्ली सुधारेपर्यंत गल्लीत नियम नको म्हटलं, तर चार्टमधून नाव गाळण्याचा तोंडी अधिकार तसाच राहतो, आणि तो नेहमी दुबळ्यावरच चालतो.

पुढे काय झालं ते पाहू. ४ जूनला निकाल लागले, आचारसंहिता उठली, जुलैच्या चार्टमध्ये ताईंचं नाव पुन्हा आलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. ऑक्टोबरमध्ये विधानसभा जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान. या वेळी केंद्रानं सगळ्या नैमित्तिक उद्घोषकांकडून हमीपत्र घेतलं: मी कोणत्याही राजकीय पक्षाच्या कार्यक्रमात सहभागी होणार नाही, समाजमाध्यमांवर प्रचार करणार नाही, केंद्राचं नाव बाहेर वापरणार नाही. तारीख नाही, मुदत नाही, मोबदला नाही. एका तरुण निवेदकानं सही करायला नकार दिला आणि यादीतून आपण होऊन बाहेर पडला. तो आता प्रचाराच्या गाड्यांसाठी आवाज देतो आणि बरं कमावतो. ताईंनी सही केली.

सही करताना त्यांनी एकच विचारलं. निवडणुकीचा महिना-दीड महिना म्हणजे सूत्रसंचालकाचा हंगाम. ऊसतोड मजुराला हंगामासाठी बांधून घेताना निदान आगाऊ उचल तरी देतात. आम्हाला या दीड महिन्याचं काही मिळणार का? कार्यक्रम अधिकारी भले गृहस्थ. त्यांनी लेखा शाखेत विचारून येतो म्हणून सांगितलं आणि खरंच विचारून आले. ड्यूटी केली तर मानधन देता येतं. ड्यूटी न करता गप्प राहण्यासाठी द्यायला लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात तो खर्च टाकायची जागा, नाही.

माझं मत विचाराल तर हमीपत्रातली कल्पना चूक नाही, त्यातला व्यवहार चूक आहे. आचारसंहिता लागू झाल्यापासून निकालापर्यंत ज्या उद्घोषकांचा आवाज हवेत जाणार आहे, त्यांना केंद्रानं आधी लेखी विचारावं. जो पक्षाच्या मंचापासून दूर राहायला तयार आहे त्याला त्या काळात सहाच्या सहा ड्यूट्या नक्की द्याव्यात आणि वर बांधील मानधन द्यावं. ज्याला बाहेरचं काम करायचं आहे त्यानं तेवढा काळ हवेतून रजा घ्यावी. परतल्यावर त्याच्या चार्टवर त्याचा परिणाम होऊ नये. मतदार जागृतीची आवाहनं मात्र कायम नोकरीतल्या उद्घोषकांच्याच आवाजात जावीत. आणि तक्रार आली तर, ड्यूटी थांबवण्याआधी, एक ओळीचं का होईना पत्र. यातल्या कशालाही संसदेचा कायदा लागत नाही. लेखाशीर्ष लागतं, ते खरं.

‘केंद्राचं नाव बाहेर वापरणार नाही’ हे कलम मात्र मला ढोंगी वाटतं. बारा-पंधरा वर्षं कमी पैशांत माणसं मिळाली ती त्या नावामुळेच. ते नाव आता काढून घ्यायचं असेल तर मानधन वाढवा. पक्षाच्या मंचावर ते वापरू नका म्हणणं रास्त आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातही वापरू नका म्हणणं म्हणजे मजुरीतला अर्धा भाग परत मागणं.

वर्गात या प्रकरणावर मत घेतलं की साधारण दोन गट पडतात आणि वाद रंगतो. म्हणून अलीकडे मी त्याला एक शेपूट जोडलं आहे. वर्षानुवर्षं रखडलेल्या नगरपालिका निवडणुका अखेर २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाल्या. समजा, ताईंची धाकटी जाऊ त्यांच्याच वॉर्डातून उभी आहे. घर एक, अंगण एक, प्रचाराचं ऑफिस ओसरीवर. ताई मंचावर जात नाहीत, माइकला हात लावत नाहीत. पण दारावरची फेरी त्यांच्याच उंबऱ्यातून निघते, बायका चहाला थांबतात, आणि त्यांतली एखादी म्हणते, ‘ताई, तुमचा आवाज ऐकते मी रोज, मग मत तुमच्याच घरी की.’ हमीपत्रात यावर ओळ नाही. केंद्रप्रमुख तुम्ही आहात. उद्याच्या सकाळच्या सभेला चार्टवर ताईंचं नाव आहे. काय कराल, ते पानभर लिहा. ‘समज देऊ’ असं लिहिलंत तर ती लेखी की तोंडी, तेही लिहा.